रोमन चांदीचं नाणं कसं वाचावं: वजनापासून सम्राटाच्या दाव्यापर्यंत

रोमन नाणं समोर आलं की पहिला प्रश्न ठरलेला: हा कोणता राजा? मग लोक चेहऱ्याकडे बघत बसतात, नेटवरच्या फोटोंशी नाक-हनुवटी जुळवतात आणि शेवटी 'बहुतेक नीरो' म्हणून सोडून देतात. खरं तर या कामात चेहऱ्याइतका फसवा पुरावा नाही. झिजलेल्या चांदीवर व्हेस्पाशियन आणि त्याचा मुलगा टायटस सहज एकमेकांच्या जागी खपतात. शिवाय नव्या सम्राटाच्या पहिल्या काही महिन्यांत कोरणाऱ्याने त्याला धड पाहिलेलंही नसायचं, त्यामुळे नाण्यावर जुन्याचीच ठेवण उतरायची. म्हणून चेहरा शेवटी. आधी वजन, मग अक्षरं, मग मागच्या बाजूचं चित्र, आणि त्यानंतर खरा प्रश्न: हे नाणं पाडणाऱ्याला त्या वर्षी लोकांच्या गळी काय उतरवायचं होतं?

इथली पद्धत मुख्यतः डेनारियस या रोजच्या वापरातल्या रोमन चांदीच्या नाण्याची आहे, म्हणजे ऑगस्टसपासून सेव्हेरस घराण्यापर्यंत, ढोबळमानाने इ.स.पू. 27 ते इ.स. 235. नाणं हातात असो, संग्रहालयाच्या काचेमागे असो किंवा लिलावाच्या फोटोत असो, पायऱ्या त्याच. लॅटिन लेख मी देवनागरीत दिले आहेत. टिंब असेल तिथे शब्द तोडलेला आहे असं समजा. नाण्यावर ते टिंब असेलच असं नाही.

1. तोलणं आणि मोजणं

सराफाकडे असतो तसा 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा, एक व्हर्नियर कॅलिपर आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग एवढं पुरतं. नाणं कडेने धरायचं, खाली मऊ कापड अंथरलेलं हवं. दोन हजार वर्षांची चांदी आतून ठिसूळ झालेली असू शकते. फरशीवर पडली तर तिचे दोन तुकडे होतात.

डेनारियस साधारण 17 ते 20 मिलिमीटरचा, म्हणजे आपल्या एक रुपयाच्या नाण्याहून थोडा लहान पण जाड. ऑगस्टसच्या काळात एका रोमन पौंडाच्या चांदीतून 84 नाणी पाडत, म्हणून एकेकाचं वजन 3.9 ग्रॅमच्या आत-बाहेर येतं. इ.स. 64 च्या सुमारास नीरोने तेवढ्याच पौंडातून 96 नाणी काढायला सुरुवात केली. वजन 3.4 ग्रॅमवर आलं आणि चांदीचा कसही उतरला. पुढे अधूनमधून सावरासावर झाली, पण उतरण थांबली नाही. सेप्टिमियस सेव्हेरसने 194-195 मध्ये कस निम्म्याच्या आसपास आणून ठेवला.

इ.स. 215 मध्ये कॅराकॅलाने नवं नाणं काढलं, त्याला आज अँटोनिनिएनस म्हणतात. ते दोन डेनारियसच्या किमतीचं होतं असं मानलं जातं, पण वजन जेमतेम दीडपट, 5 ग्रॅमच्या आसपास. 270 च्या सुमाराला त्यात शेकडा पाच भागसुद्धा चांदी उरली नव्हती. तांब्याच्या चकतीवर चांदीची झिलई. तेव्हा 'चांदीचं रोमन नाणं' म्हणून कोणी तांबूस, पातळ नाणं दाखवलं तर लगेच बनावट म्हणू नका. ते अस्सल असेल आणि तरी त्यात चांदी नसेल.

वजन आणि व्यास टिपून ठेवा. पुढची बाजू सरळ धरून नाणं उभ्या अक्षावर फिरवलं की मागच्या चित्राचं डोकं घड्याळाच्या कितीच्या काट्याकडे येतं, तेही लिहा. लिलावात हे आकडे दिलेले नसतील तर मागून घ्या. ते द्यायला खळखळ करणाऱ्या विक्रेत्याकडून खरेदी न केलेली बरी.

2. उजेड

समोरून फ्लॅश मारलात तर चांदी नुसती चमकते. खोलीतले दिवे बंद करून मोबाइलचा टॉर्च नाण्याच्या डाव्या-वरच्या बाजूने, जवळजवळ जमिनीलगत धरा आणि सावकाश फिरवा. सपाट वाटणाऱ्या कडेवर अक्षरांच्या सावल्या उठतात. प्रत्येक बाजूचे तीन-चार फोटो वेगवेगळ्या कोनांतून घ्या, कारण एका कोनात अर्धाच लेख दिसतो.

आणि काहीही झालं तरी घासू नका. चिंच, लिंबू, टूथपेस्ट, राख हे आजीच्या तांब्या-पितळेसाठी ठीक आहे. नाण्यावरचा काळसर थर त्याचं संरक्षण करतो. तो काढलात की किंमतही जाते आणि बारीक कोरीवकामही.

3. डोक्यावर काय आहे

नाक-डोळे अजून सोडा, डोकं बघा. लॉरेलच्या पानांचा मुकुट आणि मागे लोंबणारी फीत असेल तर बहुतेक वेळा सम्राट, नाणं डेनारियस. सूर्यकिरणांसारख्या टोकांचा मुकुट आणि तिसऱ्या शतकाची चांदी असेल तर अँटोनिनिएनस. याच नाण्यावर राणी असेल तर तिचा अर्धपुतळा चंद्रकोरीवर ठेवलेला असतो. डोकं उघडं असेल तर तो पुष्कळदा 'कैसर', म्हणजे नेमलेला वारस.

दाढी हीसुद्धा मोठी खूण आहे. हेड्रियनच्या (117 ते 138) आधीचे बहुतेक सम्राट गुळगुळीत दाढी केलेले. हेड्रियनने दाढी ठेवली आणि पुढे शंभर वर्षं ती जवळजवळ दरबारी वेशाचा भाग झाली. राण्यांचा काळ ठरवायला केशरचना कामाला येते. थोरल्या फॉस्टिनाच्या वेण्या डोक्याच्या वर गुंडाळलेल्या, तर ज्युलिया डोम्नाचे केस शिरस्त्राणासारखे दोन्ही बाजूंनी जाड लाटांत खाली आलेले.

4. कडेची अक्षरं

बहुतेकांचा धीर सुटतो तो इथे. पण लॅटिन येण्याची गरज नाही. वीस-पंचवीस संक्षेप ओळखता आले की नव्वद टक्के काम होतं. लेख साधारणपणे खाली डावीकडून सुरू होऊन घड्याळाच्या दिशेने फिरतो. इंग्रजी 'यू'च्या जागी 'व्ही'चा आकार असतो. शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, त्यामुळे सगळं एकसलग दिसतं. म्हणून आधी ओळखीचा तुकडा शोधा: 'ऑग' (ऑगुस्तुस, सम्राटाची पदवी) ही तीन अक्षरं जवळपास प्रत्येक सम्राटाच्या नाण्यावर सापडतात. तिथून मागे आणि पुढे जायचं.

'इंप.' म्हणजे इंपेरातोर, सेनापती. 'काएस.' म्हणजे काएसर, आपला कैसर. 'दिवी फ.' म्हणजे देवपदाला पोचलेल्याचा मुलगा. 'पी-एम' म्हणजे पाँटिफेक्स मॅक्सिमस, मुख्य पुरोहित. 'टी-आर-पी' म्हणजे ट्रिब्यूनचे, म्हणजे जनतेच्या प्रतिनिधीचे अधिकार. टीव्हीवाल्यांच्या टीआरपीशी संबंध नाही, पण लोकप्रियतेचा दावा दोन्हीकडे आहे. 'कॉस.' म्हणजे कॉन्सलपद, रोममधलं वर्षभराचं सर्वोच्च पद. 'पी-पी' म्हणजे पातेर पात्रिए, राष्ट्रपिता. शेवटी जिंकलेल्या प्रदेशांची बिरुदं: 'गेर.' जर्मनीचं, 'दाक.' डेशियाचं, 'पार्थ.' पार्थियाचं, 'ब्रित.' ब्रिटनचं.

नाण्यावरचा एकही शब्द शोभेसाठी नाही. पुरोहितपद, लष्कर, जनतेचे अधिकार, पित्याचं देवपण, सगळं एकाच माणसाच्या नावाभोवती गुंडाळलेलं आहे. हे बोटाच्या पेराएवढ्या चांदीवर बसवणं हीच रोमन टांकसाळीची करामत.

5. साल काढणं

नाण्यावर सन छापलेला नसतो, तो काढावा लागतो. 'टी-आर-पी' अधिकार दरवर्षी नव्याने मिळत, त्यामुळे त्यापुढचा आकडा बहुतेकदा राज्यकालाचं वर्ष सांगतो. 'कॉस.'पुढचा आकडा सम्राट कितव्यांदा कॉन्सल झाला ते सांगतो. आकडे रोमन असतात आणि चार हा आकडा बहुतेकदा चार उभ्या रेघांनीच लिहिलेला असतो.

पण हा आकडा दरवेळी वर्षावर आणून ठेवेलच असं नाही. हेड्रियन 119 मध्ये तिसऱ्यांदा कॉन्सल झाला आणि मरेपर्यंत पुन्हा झाला नाही, म्हणून 'कॉस. 3' एवढ्यावरून 19 वर्षांचा पट्टा हाती येतो. मात्र 128 मध्ये त्याने राष्ट्रपिता ही पदवी स्वीकारली. तेव्हा 'कॉस. 3' आहे आणि 'पी-पी' नाही, तर 119 ते 128. दोन्ही आहेत, तर बहुधा 128 नंतरचं.

ट्राजनच्या बाबतीत बिरुदांची साखळीच मिळते. 'गेर.' 97 पासून, 'दाक.' 102 च्या अखेरीपासून, 'ऑप्तिमुस' हे नावाचा भाग म्हणून 114 पासून, 'पार्थ.' 116 पासून. त्यात पाचवं कॉन्सलपद 103 चं आणि सहावं 112 चं. समोरच्या नाण्यावर 'इंप. त्राइआनो ऑग. गेर. दाक. पी-एम टी-आर-पी' आणि मागे 'कॉस. 5 पी-पी एस-पी-क्यू-आर ऑप्तिमो प्रिंक.' असं असेल, तर ते 103 ते 111 मधलं. इथे शेवटचा 'ओ' सोडू नका. नाव चतुर्थीत आहे: 'सीनेट आणि रोमन जनता यांच्याकडून सर्वोत्तम शासकास'. पाडलं सम्राटाच्याच टांकसाळीने, पण मानपत्र दिल्यासारखं लिहिलं. स्वतःची स्तुती दुसऱ्याच्या तोंडून वदवून घेण्याची हातोटी आपल्याकडच्या फ्लेक्सवाल्यांना नवी नाही.

सेप्टिमियस सेव्हेरस तर साल काढायला शिकण्यासाठी सगळ्यात चांगला. 193 मध्ये पेर्टिनॅक्स सम्राटाचा खून झाला, त्याचा सूड घेणारा म्हणून सेव्हेरसने त्याचं नाव स्वतःला लावलं: 'ल. सेप्त. सेव. पेर्त. ऑग.' पुढे 'इंप.' आणि आकडा येतो, 'इंप. 8' असेल तर 196-197. गादी पक्की झाली आणि 'पेर्त.' गेलं. 202 च्या आसपासपासून नुसतं 'सेव्हेरुस पिउस ऑग.', आणि 210-211 मध्ये त्यापुढे 'ब्रित.' जोडलेलं. उसनं नाव कधी घेतलं आणि कधी टाकलं, ते नाण्यावरून असं समजतं.

6. मागची बाजू: हातात काय आहे ते बघा

मागे बहुतेकदा एक उभी किंवा बसलेली बाई असते. ती कोण? चेहऱ्यावरून ते कधीच कळत नाही, हातातल्या वस्तूवरून कळतं. आपल्या मूर्तिशास्त्रात आयुधांवरून देवता ओळखतो, तीच रीत इथे चालवा.

पंख आणि पुष्पचक्र असेल तर व्हिक्टोरिया, विजय. फांदी असेल तर पॅक्स, शांतता. तराजू आणि फळाफुलांचं शिंग असेल तर एक्विटास म्हणजे न्याय्य व्यवहार, किंवा मोनेटा म्हणजे टांकसाळीची देवता. या दोघी चित्रात सारख्याच, लेखावरूनच वेगळ्या होतात. सुकाणू आणि तेच शिंग असेल तर फॉर्च्युना, नशीब. साप कुरवाळून त्याला भरवणारी सालूस, आरोग्य. फूल धरून वस्त्राची कड उचलणारी स्पेस, आशा. वारसाच्या नाण्यावर ती हमखास. धान्याची कणसं, मापटं आणि जहाजाची नाळ असेल तर अन्नोना, म्हणजे रोमचा धान्यपुरवठा. पदर पुढे ओढणारी पुडिसिटिया, शालीनता, बहुतेकदा राण्यांच्या वाट्याला. टोपी धरलेली लिबर्टास, स्वातंत्र्य: ही टोपी गुलामीतून सुटलेल्याची. सीझरच्या खुनानंतर ब्रूटसने इ.स.पू. 43-42 मध्ये पाडलेल्या डेनारियसवर तीच टोपी दोन खंजिरांच्या मध्ये आहे, आणि खाली खुनाच्या दिवसाचं, मार्चमधल्या त्या तारखेचं नाव.

पेटलेली चिता, गरुड किंवा मोर आणि 'कॉन्सेक्रातिओ' हा शब्द असेल तर मेलेल्या व्यक्तीला देवपद दिलेलं आहे, मोर राण्यांसाठी. प्रदेशही बाईच्या रूपात येतात. हेड्रियनने आपल्या दौऱ्यांची मालिकाच काढली: इजिप्त खुळखुळ्यासारखं वाद्य घेऊन रेललेली, समोर आयबिस पक्षी, आफ्रिकेच्या डोक्यावर हत्तीचं कातडं, स्पेनजवळ ससा. याउलट व्हेस्पाशियनच्या नाण्यावर ज्यूडिया विजयचिन्हाखाली मान घालून बसली आहे, आणि ट्राजनच्या नाण्यावर डेशियन कैदी स्वतःच्याच शस्त्रांच्या ढिगावर. प्रदेश मानाने बसवला आहे की कैदी म्हणून, हे आधी टिपा.

7. दावा कोणता, आणि आत्ताच का

आता दोन्ही बाजू एकत्र वाचा. माझा अनुभव असा की चित्रापेक्षा चित्राची तारीख जास्त बोलते.

इ.स. 54. क्लॉडियस मेला, सोळा वर्षांचा नीरो गादीवर आला. त्या वर्षीच्या डेनारियसवर नीरो आणि त्याची आई अग्रिपिना समोरासमोर, एकाच आकाराचे. त्यांच्याभोवती कोणाचं नाव? अग्रिपिनाचं: देव झालेल्या क्लॉडियसची पत्नी, नीरोची आई. नीरोचं नाव मागच्या बाजूला ढकललेलं. पुढच्याच वर्षी दोन्ही मुद्रा एकाच दिशेला वळल्या, पुढे नीरो, त्याच्या मागून डोकावणारी आई, आणि आता भोवती नाव नीरोचं, आईचं मागे. त्यानंतर ती चांदीवरून गायबच होते. 59 मध्ये नीरोने तिला मारवलं. ही दोन नाणी शेजारी ठेवली की राजवाड्यातली ओढाताण नुसत्या मांडणीतून वाचता येते.

दुसरं उदाहरण प्लॉटिलाचं. 202 मध्ये कॅराकॅलाशी तिचं लग्न लावलं गेलं आणि नाण्यांवर दोघं हात हातात घेऊन उभी राहिली. लेख 'प्रोपागो इंपेरी', साम्राज्याचा वंशविस्तार. दुसऱ्या नाण्यावर 'कॉन्कॉर्दिया', एकोपा. नवऱ्याला ती डोळ्यांसमोर नको होती. 205 मध्ये तिचा बाप मारला गेला, तिला हद्दपार केलं आणि पुढे कॅराकॅलाच्या हुकमाने ती मारली गेली. पुढच्या मॅक्रायनस सम्राटाचंही तसंच: 'फिदेस मिलितुम', सैन्याची निष्ठा, असं त्याच्या नाण्यावर लिहिलेलं, आणि 218 मध्ये सैन्यानेच त्याला उलथवलं.

म्हणून एक चाचणी करून बघा. नाण्यावरचा गुण लिहा, शेजारी साल लिहा आणि त्या वर्षी त्या गुणाचा तुटवडा होता का ते तपासा. एकोपा, निष्ठा, वारसाची आशा, धान्य यांच्या बाबतीत ही चाचणी बऱ्याचदा लागू पडते. पण तिचा अतिरेक करू नका. फॉर्च्युना आणि व्हिक्टोरिया वर्षानुवर्षं सवयीने छापल्या जात. ही चित्रं नेमकं कोण निवडायचं, सम्राट स्वतः की टांकसाळीचे अधिकारी, यावर अभ्यासकांत वाद आहे. प्रत्येक पॅक्समागे लपवलेलं युद्ध शोधायला गेलात तर ते मिळेलच, रोमला युद्धांची कमी नव्हती.

वाचणारा कोण हेही लक्षात ठेवा. ऑगस्टसच्या सैन्यात साध्या शिपायाला वर्षाला 225 डेनारियस मिळत. पगार हातात पडायचा तो सम्राटाच्या मुद्रेसह. इ.स.पू. 44 मध्ये ज्युलियस सीझरने जिवंतपणी स्वतःचा चेहरा रोमच्या नाण्यावर आणला, तो पायंडा पुढच्या प्रत्येकाने का गिरवला ते यावरून उमगेल.

8. क्रमांक शोधणं

आता सूचीकडे जा, आधी नाही. अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीचं 'ऑनलाइन कॉइन्स ऑफ द रोमन एम्पायर' हे संकेतस्थळ फुकट आहे. तिथे सम्राट, नाण्याचा प्रकार आणि देवता निवडत गेलं की यादी पानभर उरते. मग तुमचा तुटका लेख त्यांच्या पूर्ण लेखाशी अक्षरागणिक ताडा. सापडलेला क्रमांक त्या सम्राटाच्या नावासह लिहायचा, उदाहरणार्थ 'ऑगस्टस 207'. बारीकसारीक फरकांना वेगळे क्रमांक असतात. टायबेरियसच्या एकाच चित्राला 26, 28, 30 असे क्रमांक आहेत, ते बसलेल्या बाईच्या खुर्चीचे पाय आणि पायाखालच्या रेघा यांवरून. चेहरा ताडायची वेळही आत्ता आली. दोन-तीनच नावं उरलेली असताना तो खरंच मदत करतो.

9. भारतात सापडलेलं असेल तर

भारतातल्या साठ्यांत दोन डेनारियस इतके वारंवार येतात की ते पाठच करावेत.

पहिला ऑगस्टसचा. पुढे 'काएसर ऑगुस्तुस दिवी फ. पातेर पात्रिए'. मागे टोगा घातलेले दोन तरुण, मध्ये दोन ढाली, त्यांच्या मागे भाले, वर पुरोहिताचा वाकडा दंड आणि पळी. हे गेयस आणि ल्युसियस, ऑगस्टसने दत्तक घेतलेले नातू, ठरलेले वारस. नाणं इ.स.पू. 2 च्या सुमारास ल्योनच्या टांकसाळीत सुरू झालं, ल्युसियस इ.स. 2 मध्ये आणि गेयस 4 मध्ये मेला. गादी मिळाली टायबेरियसला, आणि दुसरं नाणं त्याचंच: पुढे 'टी. काएसर दिवी ऑग. फ. ऑगुस्तुस', मागे 'पाँतिफ. माक्सिम.', राजदंड आणि फांदी घेऊन बसलेली बाई. आंध्र-तेलंगण आणि तमिळनाडूत यांचे मोठे साठे निघाले. नलगोंडा जिल्ह्यातल्या अक्कनपल्लीच्या एकाच साठ्यात दीड हजारांहून जास्त डेनारियस होते.

नीरोने कस उतरवल्यानंतरची चांदी मात्र इथे फारशी सापडत नाही. घेणाऱ्याला सम्राटाच्या दाव्याशी देणंघेणं नव्हतं, धातूशी होतं. रोमन लेखक प्लिनीने नोंदवलं आहे की सिंहलद्वीपाच्या राजाला डेनारियसचं कौतुक वाटलं ते यासाठी, की चेहरे वेगवेगळ्या सम्राटांचे असूनही वजन सारखं होतं. 'पेरिप्लस' या ग्रीक नाविक-पुस्तिकेनुसार भडोचला रोमन सोन्याचांदीची नाणी येत आणि स्थानिक नाण्यांशी बदलताना नफा मिळे. तिथून वीस दिवसांवर पैठण आणि पुढे दहा दिवसांवर तेर.

हाताळताना दोन गोष्टी तपासा. एक, चेहऱ्यावर छिन्नीचा आडवा घाव. पुदुकोट्टईला 1898 मध्ये सापडलेल्या 501 सोन्याच्या रोमन नाण्यांपैकी बहुतेकांवर असा घाव आहे. तो आधुनिक खरवड नसून जुना असेल तर घावाच्या आतही कडेसारखाच थर चढलेला दिसतो. दोन, लेख. अक्षरं उलटी, अर्धवट किंवा नुसत्या रेघा असतील तर ती इथे केलेली नक्कल असू शकते. ती बनावट म्हणून टाकून देऊ नका, तिचं वेगळं मोल आहे.

चांदीवर राजाची मुद्रा हा प्रकार दख्खनमध्येही रुजला होता. नहपान क्षत्रपाच्या चांदीच्या नाण्यावर त्याचं मस्तक आणि भोवती ग्रीक लिपीतला लेख असतो. नाशिकजवळ जोगळटेंभीला 1906 मध्ये तेरा हजारांहून अधिक नाणी सापडली, आणि त्यातल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला आहे. पराभूत राजाच्या नाण्यावरच सातवाहनांची चिन्हं, त्रिकूट पर्वत आणि उज्जैन चिन्ह. सातव्या पायरीची चाचणी इथे लावून बघा, उत्तर लगेच मिळतं.

10. खरं की खोटं

बनावटीचे दोन प्रकार वेगळे ठेवा. प्राचीन बनावट म्हणजे तांब्याच्या गाभ्यावर चांदीचा पत्रा चढवून ठोकलेलं नाणं. पत्रा फाटला तिथे हिरवट किंवा तांबूस गाभा दिसतो, वजन कमी भरतं. हेही रोमन काळातलंच, संग्राहक ते आवडीने घेतात, फक्त किंमत वेगळी.

आधुनिक बनावट ही खरी डोकेदुखी. अस्सल नाणं दोन ठशांमध्ये हातोड्याने ठोकलेलं असतं. त्यामुळे अक्षरांच्या कडा धारदार असतात, धातू बाहेरच्या बाजूला ओढल्यासारखा दिसतो, कडेला बारीक तडे असतात आणि चित्र मध्यभागी नसलं तरी चालतं. ओतीव नक्कल भिंगाखाली साबणासारखी बुळबुळीत दिसते, चित्राभोवतीच्या सपाट जागेत सुईच्या टोकाएवढे बुडबुडे असतात, कधी कडेभोवती साच्याची शिवण. एकाच ठशाची दोन अस्सल नाणी असू शकतात, पण तोच तडा, तोच खड्डा, तीच कड दोघांना असेल तर दोन्ही एकाच साच्यातून आलेली आहेत. लिलावांच्या जुन्या फोटोंत हे जुळे शोधण्यात वेळ घालवा.

काट्यावर आणखी एक तपासणी होते. पाण्याचा पेला काट्यावर ठेवून काटा शून्य करा. नाणं बारीक दोऱ्याने बांधून तळाला न टेकवता पाण्यात पूर्ण बुडवा आणि दिसणारा आकडा लिहा. नाण्याचं वजन 3.72 ग्रॅम आणि पाण्यातला आकडा 0.36 आला, तर 3.72 भागिले 0.36 म्हणजे 10.33. शुद्ध चांदीला 10.5 येतं, तांब्याला 8.96. ऑगस्टस-टायबेरियससाठी 10.33 ठीक आहे, 9.2 आलं तर गडबड. मात्र 0.01 ग्रॅमच्या चुकीने उत्तर 0.3 ने हलतं, म्हणून पाच-सहा वेळा मोजून सरासरी घ्या. सेव्हेरसच्या पुढच्या नाण्यांना ही चाचणी निरुपयोगी. तिथे अस्सल नाण्यातही तांबं भरपूर आहे.

11. घेताना आणि सापडल्यावर

ठेवताना पीव्हीसीची मऊ पाकिटं टाळा, त्यांतून हिरवा चिकट थर नाण्यावर उतरतो. मायलरची पाकिटं किंवा आम्लविरहित कागदाची घ्या आणि प्रत्येकाबरोबर चिठ्ठी ठेवा: वजन, व्यास, मागच्या चित्राच्या डोक्याची दिशा, लेख जसा वाचता आला तसा, क्रमांक, कोणाकडून आणि कधी घेतलं. वाचता न आलेल्या अक्षरांच्या जागी टिंबं द्या, अंदाजाने भरू नका.

शंभर वर्षांहून जुनं नाणं 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार पुरावशेष ठरतं. त्याचा धंदा करणाऱ्याला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ते भारताबाहेर नेता येत नाही. परदेशात राहणाऱ्या नातेवाइकाला 'आठवण' म्हणून बरोबर देणंही यातच आलं. विक्रेत्याकडून पावती आणि नाण्याचा आधीचा ठावठिकाणा लेखी घ्या.

शेतात, विहिरीच्या खोदकामात किंवा घराच्या पायात नाणी लागली तर 1878 चा निखात निधी कायदा लागू होतो. दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. नाणी मडक्यात असतील तर मडक्यासकट तशीच राहू द्या, जागेचे फोटो काढा, खोली मोजा, एकही नाणं धुऊ नका आणि वाटून घेऊ नका. कोणतं नाणं कोणाबरोबर सापडलं एवढ्यावरूनच तो साठा कधी पुरला ते ठरवता येतं.